जीपची खांदेमळणी

आमच्या बहिरूची जीप मूळची लाल. हे मी सांगते म्हणून मानायचं, कारण तिच्याकडे बघून गेली कित्येक वर्षं कुणाला तसं वाटलं नसतं. ऊन, धुकं आणि डोंगरातला पाऊस खाऊन खाऊन तिचा रंग उकडलेल्या रताळ्याच्या सालीवर गेला होता. हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागायची. मागच्या फाळक्यावर हिरड्याच्या पोत्यांचे काळे डाग होते. आणि पुढं, दोन्ही मडगार्डांवर, एकेक काळपट तपकिरी खपली होती, नखानं खरवडली तरी न सुटणारी. त्या खपल्यांचीच ही गोष्ट म्हणा.

बहिरू माझा पाठचा भाऊ. आमचं माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. भात, नाचणी, थोडी वरई. घरची बैलजोडी थकून गेली तेव्हा बहिरूनं पुन्हा बैल घेतले नाहीत. ही कमांडर जीप घेतली आणि घोडेगावपासून वरच्या गावांपर्यंत सवाऱ्या भरून वडाप सुरू केलं. वरच्या गावांतली निम्मी बाळंतपणं तिनं वेळेवर दवाखान्यात पोचवली असतील.

जीप आली त्या वर्षीच्या पोळ्याला आमचा गोठा पहिल्यांदा रिकामा होता. आदल्या संध्याकाळी आई सवयीनं वाटी घेऊन अंगणात आली. वाटीत हळद आणि तूप. जू घासून घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, तिथं पोळ्याच्या आदल्या दिवशी हे चोळायचं आणि बैलाला सांगायचं, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. ती खांदेमळणी. आई वाटी घेऊन उभी आणि समोर बैलच नाहीत. तिचं तोंड बघून बहिरूनं तिच्या हातातली वाटी घेतली, सरळ जीपपाशी गेला आणि दोन्ही मडगार्डांवर हळद-तूप चोळून मोकळा झाला. "आज आवतण घे, उद्या जेवायला ये," असंही म्हणाला. आई पदर तोंडाला लावून हसली. रडलीही असेल, पदरामागचं काय कळतं.

तेव्हापासून दर पोळ्याला जीपची खांदेमळणी. आई गेली, तरी चुकली नाही. त्यावर डोंगरातली धूळ बसायची, वरून ऊन, पुढच्या साली आणखी एक थर. झाल्या खपल्या तयार.

"माज्यापरीस त्या जीपचं खांदं जास्त चोळल्यात ह्यांनी," आमची शकुवहिनी चारचौघांत सांगते. बहिरू म्हणतो, "ती तुज्यासारखी उलटून बोलत न्हाई."

आता माझं सांगते. येडगावच्या रस्त्याला माझं वॉशिंग सेंटर आहे. पाटीवर नाव माझंच, साधना वॉशिंग सेंटर. आमचे मालक गोकुळ म्हणजे माझा नवरा. ते पंपाचं आणि पाण्याचं बघतात. सुरुवातीला मी टोमॅटोच्या पिकअप धुवायची. मग मोबाईलवर बघून बघून रबिंग-पॉलिश शिकले. मशिन आणलं आणि पहिला हात चालवला तो आमच्या फ्रिजच्या दारावर. त्या दारात आजही आरशासारखं तोंड दिसतं. बाकीचा फ्रिज आहे तसाच आहे. मग लोखंडी कपाट, मग मालकांची मोटारसायकल. घरात चमकवायला काही उरलं नाही तेव्हा गिऱ्हाइकांच्या गाड्या घ्यायला लागले. आता आळेफाट्यापासून लोक येतात. बाई काय पॉलिश करणार, म्हणत येतात आणि जाताना गाडीच्या दारात बघून भांग नीट करतात.

तर आमच्या लेकीचं, प्रतीक्षाचं लग्न जमलं, आळ्याच्या सार्थकशी. पोरगा गुणी, माणसं चांगली. साखरपुडा त्यांच्या दारात होता. अंगणात पांढऱ्या गाड्या बगळ्यांसारख्या ओळीनं उभ्या. त्यांच्या मधोमध आमचा बहिरू वहिनीला आणि भावकीला घेऊन आला, रताळ्याच्या रंगाची जीप धडधडत. उतरला, टोपी नीट केली. तेवढ्यात सार्थकचे चुलते, सावळारामकाका, लगबगीनं पुढं आले. माणूस वाईट नाही. हसून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"पावणं, ती जीप तेवढी मागं घेता का? फोटोत येतीय."

"व्हय की," बहिरू म्हणाला आणि जीप त्यांच्या गोठ्यामागं, उसाच्या पाचटाजवळ नेऊन लावली. परत आला तो थेट पंगतीत बसला. जेवणात मासवडी होती. मासवडीसाठी हा माणूस रात्रीत डोंगर उतरून येईल. पण पहिल्याच वाढीला हात आडवा धरला. मला तेव्हाच कळलं, लागलंय.

निघताना माझ्याजवळ आला. "आक्का, लग्नाला आमी यष्टीनं येऊ."

"आणि नवरी कोण आणणार? मामानंच आणायची असती मांडवात."

"आणीन की. हाताला धरून आणीन. गाडी तेवढी दुसऱ्या कुणाची बघा."

प्रतीक्षा नव्या साडीत तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मामा, मला गाडी चालवायला कुणी शिकवली?"

"मी."

"कशावर?"

"जीपवर. भाताच्या खाचरात. बांधावर चढिवली व्हतीस."

"मग? मी त्याच जीपमधून येणार. नायतर घरीच बसते हळद लावून."

बहिरू हसला, पण हसण्यात जीव नव्हता. "बाई, तुजी सासरची माणसं हायती ती. तुज्या फोटोत मला घाण करायची न्हाई."

घाण. ज्या जीपला तो पोळ्याला जेवायचं आवतण देतो, तिच्यासाठी त्याच्याच तोंडून हा शब्द. रात्रभर मला तो टोचत राहिला. त्यानं दुसऱ्याच्या गाडीतून भाची आणली असती तर लग्न काही अडलं नसतं. पण बहिरू उरलेल्या जन्मात कुठल्याही अंगणात गेला असता, तरी आपण होऊन मागं जाऊन उभा राहिला असता. जीप घेऊनही, आणि जीपशिवायही. हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

लग्नाच्या आधी तो जेवणावळीचा तांदूळ घेऊन आला. पोती उतरली, चहा झाला. मी हात पुढं केला.

"चावी दे."

"कशाला?"

"इथंच राहू दे गाडी. धुते."

"आक्का, धुऊन काय व्हणार? म्हातारीला पावडर लावल्यावानी व्हईल."

"पावडर मी लावत न्हाई. चावी."

थोरल्या बहिणीपुढं त्याचं फार चालत नाही. चावी ठेवून एसटीनं गेला. मालक दारात उभे राहून हे सगळं बघत होते. "लगीन लेकीचं हाय का जीपचं, येवढं एकदा ठरव," म्हणाले.

"दोघींचं," मी म्हटलं.

त्या दिवसांत आमच्या घरात काय चाललं होतं विचारू नका. रुखवत, मानपान, बांगडीवाली, आचारी. मी पहाटे उठून, ऊन चढायच्या आत, शेडमध्ये जीपपाशी असायची. पत्रा गार असतानाच हे काम करावं लागतं; तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटतं आणि मग रडायची वेळ येते.

आधी धुतली. फटीफटीतून लाल माती निघाली, भाताचं तूस निघालं, कुण्या पोराच्या पायातला घुंगरू निघाला. मग साबणाचं पाणी मारत चिकणमातीसारखी वडी फिरवली. पत्र्यात रुतून बसलेली बारीक कच ती ओढून घेते. फाळक्यावरचा हिरड्याचा डाग बराच गेला, थोडा राहिला. राहू दे. पोटापाण्याचा डाग आहे तो.

मग खपल्या. त्यांचा मला फार राग होता. दर पोळ्याला मी फोनवर ओरडायची, "अरे, तूप खायला घाल कुणाला, पत्र्याला काय चोळतोस!" कोमट पाण्यात भांड्याचा साबण कालवला, फडकं भिजवून खपलीवर ठेवलं, मुरू दिलं. प्लॅस्टिकच्या पट्टीनं हलक्या हातानं खरवडलं. पहिल्यांदा काळं निघालं, मग तपकिरी, मग पिवळं. शेडमध्ये शिळ्या तुपाचा वास सुटला. आणि मग खाली जे दिसलं ते बघून मी पट्टी बाजूला ठेवली.

लाल. पहिल्या तोड्याच्या टोमॅटोसारखा, रसरशीत लाल. जीप आमच्या अंगणात पहिल्यांदा आली तेव्हाचा.

"प्रतीक्षा!" मी हाक मारली. पोरगी अर्ध्या हातावर मेंदी घेऊन पळत आली. तीही बघत राहिली.

"आई, हे कसं काय?"

"तूप," मी म्हटलं. "सगळ्या जीपवरचा रंग उन्हानं खाल्ला. ह्या दोन जागांवर तुझ्या मामानं ऊन पोचूच दिलं न्हाई."

कुठल्याही व्हिडिओत हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण, जीपला बैल समजणारा माणूस त्यांच्याकडं नसेल. मला मात्र आता रस्ता सापडला. नाहीतर अशा जुन्या गाडीत किती घासावं, मूळ रंग कुठवर आणता येईल, हे अंदाजानंच ठरवावं लागतं. इथं मूळ रंग समोरच होता. बाकीची जीप त्याच्या जोडीला आणून बसवायची, एवढंच. एवढंच म्हणजे माझे दोन्ही दंड भरून आले, ही गोष्ट वेगळी.

कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट लावून बॉनेटच्या मधोमध मशिन फिरवलं. पांढरं पॅड बघता बघता लाल झालं. मालक नेमके तेव्हाच डोकावले.

"अगं, रंग निघाला समदा! थांब, थांब, पत्रा दिसंल खालून!"

"मेलेला निघतोय. जिता खाली हाय."

"आन् जिता बी निघाला तर?"

ही भीती मलाही होतीच. नव्या गाड्यांच्या रंगावर काचेसारखा एक थर असतो. ह्या जुन्या गाड्यांना नाही. जे घासतो तो रंगच. बॉनेटच्या धारेवर तो इतका पातळ असतो की मशिन जरा रेंगाळलं की खालचा पत्रा डोळा मारतो. म्हणून धारांवर चिकटपट्टी लावली, मधला भाग मशिननं केला आणि मग पट्टी काढून धारा फडक्यानं, हातानं. एका दाराच्या कडेला माझा हात जरा जास्त चालला. तिथं नखाएवढी जागा फिकट आहे. मला दिसते. दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही.

एकेक पत्रा होत गेला. आधी धूसर, मग ओलसर दिसणारा, मग एकदम खोल. रताळ्याची साल गेली. पाहुण्या बाया चहाचे कप घेऊन शेडच्या दारात जमायला लागल्या. माझी नणंद सरूबाई म्हणाली, "सगळ्यांचं हात मेंदीनं रंगल्यात, नवरीच्या आईचं हे काय?" माझे हात मनगटापर्यंत लाल झाले होते, साबणानं निघेनात. म्हटलं, "ही माझी मेंदी. हिचा रंग चढला का नाही, ते लग्नाच्या दिवशी बघा."

हळदीच्या दिवशी बहिरू आणि वहिनी एसटीनं आले. मांडवात हळद चालू होती, बायांची गाणी चालू होती. मी बहिरूला शेडकडं नेलं.

तो दारातच थांबला. जीपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा जीपकडं. मग हळूहळू तिच्याभोवती फिरला. ड्रायव्हरच्या दाराशी वाकला. दारात त्याचं तोंड दिसत होतं, टोपीसकट. त्यानं टोपी काढली, तोंडावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली.

"आक्का," तो म्हणाला, "मी येवढा म्हातारा झालो व्हय? कुणी सांगितलं न्हाई."

मी हसले. मग तो पुढं गेला. डाव्या मडगार्डावर सवयीनं हात ठेवला आणि तिथंच थबकला. उजवीकडं गेला, तिथंही हात ठेवला. हात गुळगुळीत पत्र्यावरून घसरला.

"खांदं पुसलंस."

एवढ्या कष्टात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आईच्या वाटीतलं व्हतं त्यात. सगळ्यात खालचं," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "छान झालीय, आक्का. लई छान झालीय. पर ही माजी वाटंना. उद्या चालवताना मला परक्याच्या गाडीत बसल्यावानी व्हईल."

शकुवहिनी मागून आली होती.

मी बहिरूचा हात धरला आणि पुन्हा मडगार्डावर ठेवला. "खपली काढली तेव्हा जीपभर एवढाच रंग जिता होता. ह्या दोन जागा. सगळ्यात खाली आईचं तूप होतं ना? त्यानंच राखला. बाकीची गाडी मी ह्या दोन जागांकडं बघून बघून उजळली. हे खांदे नसते तर ही बाई कुठल्या रंगाची होती, हे मलाही कळलं नसतं."

त्यानं हात काढला नाही.

"आणि काम अजून संपलं न्हाई," मी म्हटलं. फळीवरून वॅक्सची डबी काढली, झाकण उघडून त्याच्यापुढं धरली. आत पिवळं, थिजलेल्या तुपासारखं वॅक्स. सगळ्या गाडीला मी लावलं होतं, पण ह्या दोन जागा का कोण जाणे राहून गेल्या होत्या. दमले होते म्हणून असेल.

बहिरूनं डबीला नाक लावलं. "तूप हाय?"

"आमच्या धंद्यातलं तूप. ऊन लागू देत न्हाई, पाणी टिकू देत न्हाई. फडक्यानं लावतात. तू हातानं लाव. अंगारा घेतल्यासारखं जरासंच घे."

त्यानं दोन बोटं बुडवली. तळव्यावर चोळून ऊब दिली, जशी बैलाच्या खांद्याला लावताना द्यायचा. मग डाव्या खांद्यावर हात ठेवून गोल गोल फिरवायला लागला. हळू, दाबून. मग उजव्या. मांडवातलं गाणं मधेच थांबलं होतं. बाया हळदीचे हात घेऊन इकडंच बघत होत्या. बहिरूला कुणाची शुद्ध नव्हती. वाकून, जीपच्या कानात सांगावं तसं म्हणाला,

"आज आवतण घे बाई. उद्या लग्नाला ये."

शकुवहिनीनं डोळ्याला पदर लावला आणि मग तिला राहवलं नाही. "बगा वन्सं. मला आवतण न्हाई आजून."

प्रतीक्षा हळदीनं पिवळीधमक होऊन पळत आली ती थेट जीपवर हात ठेवायला. मी ओरडले, "हात लावलास तर उचलून मांडवात नेऊन बसवीन!" ती तशीच थांबली. बहिरूनं तिच्या गालावरची हळद दोन बोटांवर घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मी बघितलं दुसरीकडं, आचाऱ्याकडं काही काम असल्यासारखं. पुन्हा मान वळवली तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला दोन पिवळी बोटं उमटली होती. आत कोण रंग बघतंय.

दुसऱ्या दिवशी मामानं भाची आणली. येडगावहून आळेफाट्याच्या कार्यालयापर्यंत मी मागच्या गाडीतून बघत होते. जीपच्या फाळक्यात सगळा रस्ता उलटा पळत होता. कार्यालयाच्या दारात जीप थांबली तेव्हा बँडवाल्यांचा ठोका चुकला, हे मी ऐकलंय. सावळारामकाका पुढं आले. बहिरू उतरला, दार उघडलं, प्रतीक्षाचा हात धरून तिला पायऱ्यांपर्यंत नेलं. मग परत आला, जीपमध्ये बसला आणि सरळ कार्यालयाच्या मागच्या बाजूला निघाला.

शालू सावरत मी मागं धावले. "बहिरू! अरे, मागं कुठं नेतोस? पुढं लाव!"

त्यानं कडुनिंबाखाली जीप लावली, हँडब्रेक ओढला, खाली उतरला. "आक्का, पुढं कडक ऊन हाय. तूच बोललीस ना, ऊन नको म्हणून? हितं झाड हाय."

लग्न लागलं, पंगती सुरू झाल्या. सावळारामकाका फोटोवाल्याला घेऊन पंगतीत आले. बहिरू मासवडी खात होता. तिसरी वाढी.

"पावणं, ती जीप तेवढी पुढं आणता का? नवरानवरीचा फोटो घिऊ म्हणतोय तिच्याजवळ. सार्थकचंच म्हणणं हाय."

बहिरूनं घास संपवला. पाणी प्यायला. "न्हाई राव. पुढं ऊन हाय. फोटो मागं काढू."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "काय वो विहीणबाई?"

"गाडी त्याची आहे," मी म्हटलं.

मग निघाली वरात. नवरानवरी, करवल्या, फोटोवाला, दोन्हीकडची म्हातारी माणसं, सगळी कार्यालयाच्या मागं, आचाऱ्यांच्या पातेल्यांना वळसा घालून, कडुनिंबाखाली. जीप सावलीत उभी होती, लालबुंद, आणि तिच्या अंगात निंबाची पानं हलत होती. सावळारामकाका पुढं झाले, मडगार्डाकडं बघत राहिले. न राहवून त्यांनी बोट पुढं केलं.

"हां, पावणं," बहिरू म्हणाला, "हात लावू नका. बोटं उमटत्यात. आन् जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."